विश्लेषण : आइस हॉकीचा ‘स्टॅन्ले कप’ देणारे लॉर्ड स्टॅन्ले कोण होते? आपल्याच चषकाचा सामना त्यांनी कधीच का पाहिला नाही?

भुईगावात बर्फ दिसतो तो मासळीच्या पेटीत, नाहीतर सरबताच्या गाडीवर. पश्चिमेला सुरूचे बन आणि समुद्र, अलीकडे भाजीपाल्याच्या वाड्या. तळे गोठणे वगैरे इथे कुणी स्वप्नातही पाहणार नाही. तरीही ज्या घरातला मुलगा किंवा पुतणी कॅनडात आहे, त्या घरात जूनच्या पावसाळी पहाटे साडेपाचला मोबाइलवर एक भलताच खेळ सुरू असू शकतो. पायात पात्यांचे बूट घालून बर्फावर सुसाट धावणारे खेळाडू, हातात काठ्या, एकमेकांना दिलेल्या धडका आणि शेवटी डोक्यावर उचलून धरलेला माणसाच्या कमरेइतका उंच चांदीचा चषक. हाच स्टॅन्ले कप.

हा चषक ज्यांच्या नावाचा आहे ते लॉर्ड स्टॅन्ले हॉकीपटू नव्हते आणि कॅनडाचेही नव्हते. कॅनडात ते जेमतेम पाच वर्षे राहिले. त्यांनी एक वाडगा विकत आणायला सांगितला, त्यासोबत काही अटी लिहून दिल्या आणि मायदेशी परतले. त्यांच्या घराण्याचे धागे मात्र भारतापर्यंत, अगदी मुंबईपर्यंत येतात.

आधी खेळ समजून घेऊ

आइस हॉकीत प्रत्येक संघाचे गोलरक्षकासह सहा खेळाडू एका वेळी बर्फावर असतात. चेंडूऐवजी कडक रबराची काळी चकती असते, तिला ‘पक’ म्हणतात. तिचा व्यास तीन इंच, जाडी एक इंच आणि वजन साधारण १७० ग्रॅम. सामना २०-२० मिनिटांच्या तीन टप्प्यांत होतो. खेळाडू पाऊण-एक मिनिट जीव तोडून खेळतात आणि खेळ चालू असतानाच बदलतात, कारण त्या वेगाने त्याहून जास्त वेळ कुणाला टिकता येत नाही. रिंगणाला कठडा असतो. पक त्यावर आपटून परत येते आणि खेळ सुरूच राहतो. नियम मोडला तर खेळाडूला बहुधा दोन मिनिटे बाहेरच्या कोंडीत बसावे लागते आणि तेवढा वेळ त्याचा संघ एक माणूस कमी घेऊन खेळतो. नव्या प्रेक्षकाने पहिल्या दिवशी एवढे लक्षात ठेवले तरी पुरे.

स्टॅन्ले यांच्या काळचा खेळ वेगळा होता. दोन्ही बाजूंना सात-सात खेळाडू असत. बदली खेळाडू नव्हते, पुढे पास देणे निषिद्ध होते आणि गोलला जाळीसुद्धा नव्हती. नुसते दोन खांब असत आणि गोल झाला की नाही हे ठरवणारा पंच बर्फावरच त्यांच्यामागे उभा राही. बर्फही नैसर्गिक. हवा जरा उबदार झाली की मैदानाचे पाणी होई.

हा खेळ बंदिस्त रिंगणात पहिल्यांदा ठरवून खेळला गेला तो ३ मार्च १८७५ रोजी, माँट्रियलच्या व्हिक्टोरिया स्केटिंग रिंकमध्ये. त्यामागे हॅलिफॅक्सहून आलेले जेम्स क्रायटन होते. नोव्हा स्कोशियात गोठलेल्या तळ्यांवर असे खेळ आधीपासून चालत आणि त्यासाठी लागणाऱ्या काठ्या तिथले मूळ रहिवासी मिकमॅक लोक लाकूड कोरून बनवत. उत्तर अमेरिकेतले आजचे रिंगण साधारण व्हिक्टोरिया रिंकच्याच मापाचे असते.

स्टॅन्ले कोणत्या घरातले?

फ्रेडरिक आर्थर स्टॅन्ले यांचा जन्म १५ जानेवारी १८४१ रोजी लंडनमध्ये झाला. घराणे अर्ल ऑफ डर्बी यांचे. मुंबईत महालक्ष्मीला दरवर्षी ‘इंडियन डर्बी’ धावते. त्यातला ‘डर्बी’ हा शब्द फ्रेडरिक यांच्या पणजोबांवरून, म्हणजे बाराव्या अर्लवरून आला. इंग्लंडमधली ती मूळ शर्यत १७८० पासूनची. फ्रेडरिक यांचे वडील, चौदावे अर्ल, तीन वेळा ब्रिटनचे पंतप्रधान झाले.

थोरले भाऊ एडवर्ड तर आपल्या इतिहासाच्या पुस्तकातलेच. १८५७ च्या उठावानंतर कंपनीचे राज्य संपले आणि भारताचा कारभार थेट राणीच्या सरकारकडे गेला, तेव्हा १८५८ मध्ये पहिले भारतमंत्री झाले ते हे एडवर्ड स्टॅन्ले. त्याच वर्षी धाकटे फ्रेडरिक ग्रेनेडियर गार्ड्स या पलटणीत दाखल झाले.

धाकट्या मुलाने फौजेत जावे आणि मग संसदेत, ही त्या घराण्यांची ठरलेली वाट. फ्रेडरिकही त्याच वाटेने गेले. १८६४ मध्ये लेडी कॉन्स्टन्स व्हिलियर्स यांच्याशी त्यांचा विवाह झाला, पुढच्या वर्षी पलटण सोडून ते खासदार झाले. १८७८ ते १८८० युद्धमंत्री, मग काही महिने वसाहतमंत्री, मग व्यापारमंत्री. संसद गाजवणारा वक्ता अशी त्यांची ख्याती नव्हती. वडील आणि भाऊ यांच्या सावलीतला एक भरवशाचा माणूस, असेच त्यांच्याकडे पाहिले जाई. आपापल्या गावात अशी घरे वाचकांनी पाहिली असतील.

कॅनडा आणि भारत : एकच जिना

१८८८ मध्ये त्यांची कॅनडाचे गव्हर्नर जनरल म्हणून नेमणूक झाली. साम्राज्यात हे पद म्हणजे भारताच्या व्हाइसरॉयपदाखालची पायरी मानली जाई. लॉर्ड डफरीन आधी कॅनडात होते, मग व्हाइसरॉय म्हणून भारतात आले. मुंबईच्या दर्यावर्दी पिढ्यांना हे नाव ‘डफरीन’ या प्रशिक्षण जहाजामुळे ओळखीचे आहे. त्यांच्यानंतर कॅनडात गेलेले लॉर्ड लॅन्सडाउन १८८८ मध्ये तिथून निघाले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस भारताचे व्हाइसरॉय झाले. लॅन्सडाउन यांची ओटावामधली रिकामी झालेली खुर्ची स्टॅन्ले यांना मिळाली.

तेही पुढे कलकत्त्याला आले असते तर त्यांचे नाव एखाद्या रस्त्याला मिळून कालांतराने बदललेही गेले असते. पण त्यांच्या वाटेत हॉकी आली.

घरात हॉकी शिरली कशी?

फेब्रुवारी १८८९ मध्ये माँट्रियलच्या हिवाळी जत्रेत स्टॅन्ले कुटुंबाने पहिल्यांदा हॉकीचा सामना पाहिला. माँट्रियल व्हिक्टोरियाज आणि माँट्रियल एएए हे दोन संघ, रिंक तोच, जिथे १८७५ चा सामना झाला होता. व्हिक्टोरियाजनी २-१ असा विजय मिळवला. गव्हर्नर जनरलना खेळ आवडला, पण वेड लागले ते मुलांना.

स्टॅन्ले दांपत्याला दहा अपत्ये झाली, त्यांपैकी आठ जगली. सात मुलगे आणि एक मुलगी. आर्थर आणि अल्जरनॉन या मुलांनी वडिलांचे अंगरक्षक अधिकारी आणि संसदेतली काही मंडळी गोळा करून संघच उभा केला. लाल जर्सी घालणारा हा संघ ‘रिडो रेबल्स’ म्हणून ओळखला गेला. रिडो हॉल हे गव्हर्नर जनरलचे निवासस्थान, आणि साहेबाच्या बंगल्यातून निघालेले हे ‘बंडखोर’. जेम्स क्रायटन तेव्हा ओटावात सिनेटच्या नोकरीत होते, तेही या संघातून खेळले. १८९० मध्ये हा संघ गव्हर्नर जनरलच्या खास रेल्वे डब्यातून ओंटारियोत खेळत फिरला. त्याच वर्षी २७ नोव्हेंबरला ओंटारियो हॉकी असोसिएशन स्थापन झाली, त्यात आर्थर स्टॅन्ले पुढे होते. बंगल्याच्या आवारात रविवारीही खेळ चालतो म्हणून वर्तमानपत्रांतून टीका झाली. रविवारी सकाळी मिस्सा आणि दुपारी मैदान हा वसईतला वाद तेव्हाच्या ओटावालाही नवा नव्हता, असे म्हणायचे.

आणि मुलगी? इझोबेल १८७५ ची, म्हणजे माँट्रियलच्या त्या सामन्याच्या वयाची. पांढरा लांब पोशाख घालून रिडो हॉलच्या बर्फावर काठी घेऊन खेळणाऱ्या इझोबेलचे १८९० च्या सुमाराचे छायाचित्र आजही जपलेले आहे. बायका आइस हॉकी खेळत असल्याच्या सर्वांत जुन्या पुराव्यांत ते मोजले जाते. भावांच्या संघाचा इतिहास तपशीलवार लिहिला गेला. इझोबेलच्या वाट्याला मुख्यतः एक छायाचित्र आले.

या काळात स्टॅन्ले यांचे अधिकृत काम चालूच होते. नव्या रेल्वेने त्यांनी देशाच्या पश्चिम टोकापर्यंत दौरा केला. व्हँकुव्हरचे स्टॅन्ले पार्क त्याच १८८९ च्या दौऱ्यातले. १८९१ मध्ये पंतप्रधान जॉन मॅकडोनाल्ड पदावर असतानाच वारले, तेव्हा उत्तराधिकारी निवडण्याची नाजूक जबाबदारीही त्यांच्यावर आली. आज हे सगळे अभ्यासकांपुरते उरले आहे.

दहा गिनींचा वाडगा आणि त्याच्या अटी

१८ मार्च १८९२ च्या रात्री ओटावाच्या रसेल हाउस हॉटेलात स्थानिक हॉकी संघासाठी मेजवानी होती. स्टॅन्ले स्वतः आले नव्हते. त्यांचे साहाय्यक अधिकारी लॉर्ड किलकर्सी यांनी त्यांचे पत्र वाचून दाखवले. कॅनडातल्या सर्वोत्तम संघासाठी दरवर्षी एक फिरता चषक असावा आणि तो आपण देऊ, असा त्या पत्राचा आशय होता.

मग कॅप्टन कोलव्हिल या अधिकाऱ्याला लंडनमध्ये चषक खरेदी करायला सांगण्यात आले. रीजंट स्ट्रीटवरच्या दुकानातून दहा गिनींना, म्हणजे तेव्हाच्या सुमारे ५० डॉलरना, चांदीचा एक वाडगा घेतला गेला. उंची साडेअठरा सेंटिमीटर, व्यास २९ सेंटिमीटर. आपल्याकडच्या घरात असता तर त्यात फळे ठेवली असती.

खरी गोष्ट वाडग्याची नाही, अटींची आहे. जिंकणाऱ्या संघाने चषक सुस्थितीत परत करण्याची हमी लिहून द्यायची. हवे तर आपले नाव स्वखर्चाने चांदीच्या कड्यावर कोरायचे. कितीही वेळा जिंकले तरी चषक कुणाच्या मालकीचा होणार नाही. वाद झाला तर दोन विश्वस्तांचा निर्णय अखेरचा, आणि एक विश्वस्त गेला तर दुसऱ्याने त्याच्या जागी नवा नेमायचा. ओटावाचे शेरीफ जॉन स्वीटलँड आणि वृत्तपत्रचालक फिलिप रॉस हे पहिले विश्वस्त. हे रॉसही रेबल्समधून खेळलेले.

गावोगावी फिरती ढाल ठेवणाऱ्या मंडळांना या अटींचे मोल कळेल. सलग तीन वर्षे जिंकली म्हणून ढाल कायमची घरी नेणारे संघ आणि मग नव्या ढालीसाठी देणगीदार शोधणारे आयोजक, हे चित्र जुनेच आहे. स्टॅन्ले यांनी ती पळवाट सुरुवातीलाच बंद केली.

दुसरे म्हणजे चषक आव्हानाचा होता. एखाद्या लीगचा विजेता संघ विश्वस्तांकडे अर्ज करून विद्यमान विजेत्याला ललकारू शकत असे. त्यामुळे चषक फक्त माँट्रियल-ओटावाच्या श्रीमंत क्लबांचा राहिला नाही. १९०५ मध्ये युकॉनमधल्या सोन्याच्या खाणींच्या डॉसन सिटीहून एक संघ साडेसहा हजार किलोमीटरच्या आसपास प्रवास करून ओटावाला पोहोचला. काही वाट पायी, काही बोटीने, उरलेली रेल्वेने. दुसऱ्या सामन्यात तो २३-२ असा चिरडला गेला. त्यात फ्रँक मॅगी या एकाच खेळाडूचे १४ गोल होते, आणि मॅगीला एका डोळ्याने दिसत नव्हते. दोन वर्षांनी, १९०७ मध्ये, केनोरा या काही हजार वस्तीच्या गावाने चषक जिंकला. तो त्यांच्याकडे जेमतेम दोन महिने राहिला, पण चषकावर केनोराचे नाव आहे.

सुरुवात मात्र अजिबात शानदार नव्हती. १८९३ चा पहिला मान लीगमध्ये अव्वल आलेल्या माँट्रियल एएएला मिळाला. स्वीटलँड चषक घेऊन गेले, तर त्या संस्थेचा हॉकी क्लबच रुसून बसला. आम्हाला न विचारता चषक मूळ संस्थेच्या हाती का दिला, हा त्यांचा आक्षेप. जगातल्या या सर्वांत हव्याशा चषकाला पहिल्याच वर्षी घ्यायला कुणी पुढे येत नव्हते. मिटवामिटवीत बरेच महिने गेले.

मग ते सामना पाहायला का नव्हते?

एप्रिल १८९३ मध्ये थोरले भाऊ एडवर्ड वारले. त्यांना मूल नव्हते, म्हणून अर्लपद आणि त्यासोबतची मोठी जमीनदारी फ्रेडरिक यांच्याकडे आली. कार्यकाळ संपण्याआधीच, जुलै १८९३ मध्ये, त्यांनी कॅनडा सोडला. चषकासाठीचा पहिला आव्हान सामना २२ मार्च १८९४ रोजी झाला आणि माँट्रियलने ओटावाला ३-१ असे हरवले. तेव्हा चषकदाते अटलांटिकपलीकडे सोळावे अर्ल ऑफ डर्बी म्हणून घरची जमीन सांभाळत होते. ते पुन्हा कॅनडातली हॉकी पाहायला गेले नाहीत.

हॉकी मात्र घरातून गेली नव्हती. १८९५ च्या हिवाळ्यात बकिंगहॅम राजवाड्याचे तळे गोठले. स्टॅन्ले बंधूंनी तिथे राजवाड्याच्या संघाशी सामना खेळला आणि गोलांचा पाऊस पाडला. राजवाड्याला एकच गोल करता आला. हरलेल्या संघात पुढचे सातवे एडवर्ड आणि त्यांचे चिरंजीव, पुढचे पंचम जॉर्ज होते. हेच पंचम जॉर्ज डिसेंबर १९११ मध्ये मुंबईला अपोलो बंदरावर उतरले आणि त्या भेटीची आठवण म्हणून ‘गेटवे ऑफ इंडिया’ उभे राहिले. गेटवेसमोर सेल्फी काढताना हे आठवायला हरकत नाही.

फ्रेडरिक स्टॅन्ले पुढे लिव्हरपूलचे लॉर्ड मेयर झाले. १४ जून १९०८ रोजी केंटमधील होलवुड येथे त्यांचे निधन झाले. त्यांचा एक मुलगा जॉर्ज १९२९ ते १९३४ मद्रासचा गव्हर्नर होता. चेन्नईचे स्टॅन्ले मेडिकल कॉलेज आणि कावेरीवरच्या मेट्टूर धरणाचा स्टॅन्ले जलाशय यांना त्याचे नाव आहे. तिथे शिकलेल्या डॉक्टरांपैकी किती जणांना हे नाते ठाऊक असेल, शंकाच आहे.

चषक आज कुणाचा?

चषक हौशी खेळाडूंसाठी होता. स्टॅन्ले यांच्या अखेरच्या वर्षांतच पैसे घेऊन खेळणारे संघ त्यावर हक्क सांगू लागले आणि विश्वस्तांनी ते मान्य केले. नॅशनल हॉकी लीग, म्हणजे एनएचएल, १९१७ मध्ये स्थापन झाली. १९२६-२७ पासून चषकासाठी फक्त तिचेच संघ खेळतात. १९४७ मध्ये विश्वस्तांनी कारभारही तिच्याकडे सोपवला. रॉस तेव्हाही विश्वस्त होते. १९४९ मध्ये मृत्यू येईपर्यंत, तब्बल ५६ वर्षे, त्यांनी ते पद सांभाळले.

पण कारभार वेगळा आणि मालकी वेगळी. १९१९ मध्ये इन्फ्लुएन्झाच्या साथीमुळे अंतिम मालिका अर्धवट थांबली आणि जो हॉल या खेळाडूचा मृत्यू झाला. त्यानंतर चषक कुणालाच मिळाला नाही असे घडले ते २००५ मध्ये. लीगचे मालक आणि खेळाडू यांच्या पैशाच्या भांडणात सबंध हंगाम वाहून गेला होता. तेव्हा टोरांटोच्या काही हौशी हॉकीपटूंनी न्यायालयात थेट स्टॅन्ले यांच्या अटींवर बोट ठेवले. चषक लीगचा नाही, मग लीग खेळत नसेल तर इतरांना का नको? २००६ मध्ये तडजोड झाली. लीगचा हंगाम झाला नाही तर विश्वस्त दुसऱ्या कुणाला चषक देऊ शकतात, हे मान्य झाले. ११४ वर्षांपूर्वीच्या पत्रातल्या अटींनी कोट्यवधी डॉलरच्या व्यवसायाला नमते घ्यायला लावले.

त्याच भांडणाच्या वेळी कॅनडाच्या तेव्हाच्या गव्हर्नर जनरल एड्रिएन क्लार्कसन यांनी चषक यंदा महिला संघांना द्या, अशी सूचना केली. ती मानली गेली नाही. मग त्यांनी महिलांसाठी स्वतंत्र क्लार्कसन कप करवून घेतला. पुढे अमेरिकेतल्या महिला लीगने आपल्या चषकाला नाव दिले ‘इझोबेल कप’. पांढऱ्या पोशाखातल्या त्या मुलीचे.

आणि भारतात?

सिमल्यात १९२० पासून नैसर्गिक बर्फाचे स्केटिंग रिंगण आहे. हॉकी रुजली ती मात्र लडाखमध्ये, आधी लष्करी जवानांमुळे आणि मग लेहच्या गोठलेल्या तळ्यांवर खेळणाऱ्या पोरांमुळे. भारत १९८९ मध्ये आंतरराष्ट्रीय आइस हॉकी महासंघाचा सदस्य झाला. २०२५ मध्ये संयुक्त अरब अमिरातीतील अल ऐन येथे झालेल्या महिला आशिया चषकात भारताने कांस्यपदक मिळवले. वसई-विरारमधल्या मुलांना स्केट्सवर हॉकी खेळायची असेल तर बर्फाऐवजी सिमेंटवर, चाकांच्या स्केट्सवर खेळता येते. तंत्र बरेचसे सारखे असते, पडल्यावर गुडघे मात्र जास्त सोलतात.

स्टॅन्ले यांचा मूळ वाडगा झिजून ठिसूळ झाल्याने आता वापरात नाही. तो टोरांटोच्या हॉकी हॉल ऑफ फेममध्ये जुन्या बँकेच्या तिजोरीच्या खोलीत ठेवला आहे. टीव्हीवर दिसतो तो त्याच्या प्रतिकृतीवर कड्यांवर कडी चढवत वाढलेला, सुमारे ८९ सेंटिमीटर उंचीचा आणि साडेपंधरा किलोचा चषक. कडी भरली की सर्वांत जुने कडे काढून तिजोरीत ठेवतात आणि खाली नवे कोरे बसवतात. अंतिम मालिकेतले बहुतेक सामने भारतीय वेळेनुसार पहाटे साडेपाच ते साडेसहाच्या दरम्यान सुरू होतात.